‘त्यात काय आहे?’ असं आधी विचारणाऱ्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

माझी हार्ड डिस्क लिनक्सला, म्हणजे माझ्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, कधी दिसायची, कधी नाही. बूट होताना असायची आणि कॉपी चालू असताना मध्येच गायब व्हायची. तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी माझं म्हणणं पुरतं ऐकायच्या आत निकाल देऊन टाकला. डिस्क गेली, नवी घ्या. एकाने तर सरळ फॉरमॅट मारायला सांगितलं. लिनक्स वापरता ना, मग हे होणारच, हेही ऐकून घ्यावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, ‘यात असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच नाही?’

मी म्हटलं, आईचे सगळे फोटो.

‘मग आता तिच्यावर काहीही लिहायचं नाही. एफएससीके (डिस्कवरची फाइल-रचना तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) नको, फॉरमॅट तर नकोच. दिसली की रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, माउंट करा (जोडून घ्या) आणि फोटो काढून घ्या. बिघाड नंतर शोधू.’

त्या ‘नंतर शोधू’ने केवढा धीर आला, ते तेव्हा तुम्हाला सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. इतके दिवस माझा जीव कशात अडकलाय हे कुणी विचारलंच नव्हतं. जाणकार पुष्कळ भेटतात हो, पण समोरच्याची धास्ती ओळखून मग तोंड उघडणारे फार थोडे.

फोटो हाती आल्यावर तुम्ही डीमेसेजचं, म्हणजे लिनक्सच्या अंतर्गत नोंदींचं, ते लांबलचक आउटपुट ओळ न् ओळ वाचलंत. ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ (डिस्कची जोडणी नव्याने करतोय) पुन्हा पुन्हा येतंय, ६ जीबीपीएस (गिगाबिट प्रति सेकंद) वेगाची लिंक १.५ वर उतरलीय, हे दाखवलंत. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथे, रिअलोकेटेड सेक्टर (खराब निघाल्याने बदललेल्या जागा) शून्य, पण १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर काउंट (ने-आण होताना बिघडलेल्या डेटाची मोजणी) चढलेला. म्हणजे डिस्क धडधाकट, डेटा वाटेत खराब होतोय. डिस्क मदरबोर्डला जोडणारी सॅटा केबल बदलली आणि डिस्क जागेवर आली. एवढीशी केबल! आणि तिच्यापायी लोक डिस्क कचऱ्यात टाकायला निघाले होते.

‘तो सीआरसीचा आकडा आता खाली येणार नाही, फक्त वाढायचा थांबेल, घाबरू नका,’ हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. नाहीतर नवी केबल लावूनही तोच आकडा बघून मी पुन्हा हादरले असते.

तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच. फोटोंची दुसरी प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे, आणि आईलाही तुमच्याबद्दल सांगितलं आहे.

तुमची ऋणी