हायोश आजोबा, तुमच्या टँकमध्ये मी तरले

प्रिय आल्फ्रेड हायोश आजोबा,

तुम्ही १९५५ साली गेलात, तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती. पत्र पोहोचणार नाही हे कळतंय, तरी लिहिते.

आठव्या वर्षी गावच्या विहिरीत मला कोणीतरी मागून ढकललं. पाठीला ना भोपळा, ना डबा. ‘पोरं अशीच शिकतात’ म्हणे! गटांगळ्या खाल्ल्या, मला वर काढलं, आणि पुढची तीस वर्षं मी घोट्याच्या वर पाणी चढू दिलं नाही. मग नोकरीपायी बुडापेस्टला आले आणि एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर मार्गित बेटावरच्या तुमच्या नावाच्या पोहण्याच्या टँकवर नाव घातलं.

पहिले दोन आठवडे काठ काही सुटला नाही. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी तुमची गोष्ट काढली. तुम्ही तेरा वर्षांचे असताना वडील डॅन्यूबमध्ये बुडाले. ज्या नदीनं बाप नेला, तिच्याच शहरात तुम्ही पोहणारे झालात. आडनाव गुटमान होतं, ते टाकून ‘हायोश’ घेतलंत, म्हणजे खलाशी!

१८९६ चं ऑलिंपिक, अथेन्सजवळचा झेआचा उपसागर. पाणी १३ अंश. होडीनं आत नेऊन सोडायचं आणि किनारा गाठायचा. तुम्ही १०० मीटर १ मिनिट २२.२ सेकंदांत मारलंत आणि त्याच दिवशी, अंगाला ग्रीजचा जाड थर फासून, १२०० मीटरही. वय अठरा, हंगेरीचं पहिलं ऑलिंपिक विजेतेपद. पण माझा हात सैल झाला तो पुढचं ऐकून. तुम्हीच नंतर सांगितलंत की त्या थंडीत जिंकण्यापेक्षा जिवंत बाहेर पडण्याचीच ओढ जास्त होती. विजेत्यानं हे कबूल करावं! मला आजवर सगळ्यांनी ‘घाबरायचं काय त्यात’ एवढंच ऐकवलं होतं.

पदकं घेऊन परतलात तर कॉलेजचे डीन म्हणे म्हणाले, तुमच्या पदकांशी मला कर्तव्य नाही, परीक्षेत काय उत्तरं देता ते बघू. (आमच्या घरातले वाटतात अगदी.) उत्तरं बरी दिली असणार, कारण तुम्ही वास्तुविशारद झालात. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात (तेव्हा त्यात कलास्पर्धाही असत) कलास्पर्धेमध्ये देझ्यो लाउबर यांच्यासोबत केलेल्या स्टेडियमच्या आराखड्याला रौप्य मिळालं. सुवर्ण कुणालाच दिलं नव्हतं. आणि १९३० मध्ये हा टँक. उघड्या समुद्रात काकडलेल्या माणसानं पाण्यावर छप्पर घातलं, म्हणून तर बाहेर बर्फ पडत असताना मी आत शिकू शकले.

त्या छपरासाठी आणि त्या कबुलीसाठी मनापासून आभार, आजोबा.

परवा काठ न धरता पहिली अख्खी फेरी मारली. अंगाला ग्रीज नव्हतं. डोक्याला खोबरेल तेवढं होतं, टोपीखाली.

तुमची,
एक उशिरा शिकलेली