ठमीला, ढेकणांबद्दल

प्रिय ठमे,

सहा आठवडे ना फोन, ना निरोप. तू मनात म्हणत असशील, घारीला पुन्हा शिंगं फुटली. शिंगं नाहीत गं, ढेकूण झालेत. आमच्या घरात. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आणि तुझ्याशिवाय सांगू कुणाला? दुसरी कुणी असती तर 'अगंबाई' म्हणत हळूच आपली पर्स जमिनीवरून उचलून मांडीवर घेतली असती.

तब्येत बरी. ह्यांचं बीपी गोळीत आहे. तुझा गुडघा वाकतो ना आता? जिना चढताना चांगला पाय आधी, विसरू नकोस.

तर झालं असं, की दंडावर तीन गांध्या उठल्या, एका ओळीत. मी आधी डास म्हटलं, मग पित्त म्हटलं, मग साबण बदलला. ह्यांच्या अंगावर मात्र ठिपकासुद्धा नाही. त्यामुळे 'तुझ्या मनाचे खेळ' असा निकाल लागला आणि पंधरा दिवस मी या घरातली वेडी होते. नंतर कळलं, ढेकूण चावल्याची खूण सगळ्यांच्याच अंगावर उठत नाही. म्हणजे हा गृहस्थ रोज रात्री माझ्याइतकंच रक्त पाजत होता आणि सकाळी ताजातवाना उठून मला अक्कल शिकवत होता. इतर बाबतीतही आमचं असंच आहे, पण तो अध्याय तुला पाठ आहे.

शेवटी एका रात्री तीन वाजता टॉर्च घेऊन गादी उलटली. शिवणीच्या कडेनं शाईचे थेंब शिंपडल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यांच्याशेजारी तो. चपटा, तांबूस, मसुरीच्या दाण्याएवढा. चिरडला आणि तो वास आला, ठमे. त्या वासाबरोबर आपली हॉस्टेलची अख्खी खोली आली बघ. तुझी करकरणारी लोखंडी खाट, आपल्या त्या लांबीचं घोरणं, वॉर्डनबाईंची ती रॉकेलची बाटली. मी तिथेच फरशीवर बसून हसत सुटले. हे उठून म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो?

मग मी पहिला गाढवपणा केला. उशी उचलली आणि बाहेर सोफ्यावर झोपायला गेले. ढेकूण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि अंगाच्या उबेचा माग काढत येतो. माणूस हलला की त्याचं बिऱ्हाडही हलतं. काही दिवसांत सोफाही त्यांचा झाला. दुसरा गाढवपणा ह्यांचा: खोलीत ठेवून धूर सोडायचा डबा आणला. दारं लावून आम्ही तीन तास बाहेर भटकलो. तो धूर हवेत फिरतो, फटीत शिरत नाही. आणि ढेकूण तर फटीतच राहतात. उलट बिथरून कपाटामागे पांगले.

आपल्या आजीला बरं होतं, डीडीटी मारलं की सुटली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या पावडरीनं इतके मेले की कित्येक देशांत लोकांना ढेकूण कसा दिसतो हेही आठवेना. पण काही वर्षांतच त्यांना डीडीटी पचायला लागलं. आता पायरेथ्रॉइड या हल्लीच्या कीटकनाशकाची फवारणीही पुष्कळ ठिकाणी पचते. १९९०नंतर तर जगभर पुन्हा बोकाळलेत, पंचतारांकित हॉटेलांतसुद्धा. ह्याचाच मी मनाला आधार देते. ढेकणाला घाण नको असते, रक्त हवं असतं. माझी फरशी आरशासारखी आहे, त्याचं त्याला काय? तो माणसाला कुठला रोग देतो असंही आजवर सिद्ध झालेलं नाही. फक्त झोप खातो आणि अब्रू. हे सगळं मला तोंडपाठ आहे, तरी फवारणीवाला मुलगा आला तेव्हा शेजारणीला मी 'वाळवी' असं सांगितलं.

मुलगा शहाणा होता, उपदेश केला नाही. म्हणाला, काकू, एकदा मारून भागणार नाही, अंडी सहसा मरत नाहीत. जेमतेम १ मिलिमीटरची, पांढरी, फटीत चिकटवलेली असतात. साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी आधी त्याला एकदा रक्त लागतं. मोठा ढेकूण उपाशी कित्येक महिने काढतो, थंडीत वर्षभरही तगतो. त्यामुळे महिनाभर घर बंद ठेवून त्यांना उपाशी मारायचा ह्यांचा बेत बारगळला.

सध्या असं चाललंय: चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात. जे धुता येत नाही ते उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. तू दिलेलं ते जाडं पुस्तक मटारांशेजारी गारठलंय, अजून वाचलेलं नाही, रागावू नकोस. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणलाय आणि त्याचे चारही पाय गुळगुळीत वाट्यांत उभे आहेत. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, गुळगुळीत भिंत चढता येत नाही. एवढ्या नालायक प्राण्यानं मला रडवलंय. रोज सकाळी वाट्यांत किती पडले ते मोजून वहीत लिहिते. परवा तीन, काल एक.

आता आले कुठून? हसू नकोस. दिवाणातून. जुना, शिसवी, कोरीवकामाचा, कुणीतरी मोडीत काढलेला. मी उचलून आणला. खालच्या फळीच्या खिळ्यांच्या भोकाभोकांत वस्ती निघाली. आणि टॉर्च धरून त्या भोकांकडे बघताना मला आपली वेताची खुर्ची आठवली. आठवते? मीच आणली होती, जुन्या बाजारातून, ऐटीत. ती आणल्यावर महिन्याभरात खोलीत ढेकूण झाले आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, ठमीच्या गादीतून आलेत. तुझी गादी मी खिडकीतून खाली टाकली. चार महिने तू माझ्याशी बोलली नाहीस, बरोबरच केलंस. वेताच्या विणीत काय काय राहतं ते आता कळतंय मला. इतक्या वर्षांनी सांगते, खुर्चीच होती गं.

पण नुसती जुनी माफी मागायला हे पत्र नाही.

मी तारखा जुळवल्या. दिवाण आला, त्यानंतर बारा दिवसांनी तुझं ऑपरेशन, आणि मी चार रात्री तुझ्या मागच्या खोलीत. माझी निळी बॅग त्या पलंगावरच पडलेली असायची. परत आले आणि आठवड्यात इथे हा प्रकार उघडकीला आला. त्या फवारणीवाल्या मुलाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बॅगेतून जातात का? तो म्हणाला, बॅगेतूनच जातात. मग मी वाचत बसले. ढेकणांत जुगताना नर ठरलेल्या वाटेनं जातच नाही, मादीचं पोटच भोसकतो. म्हणून ती त्याला चुकवून लांब पळते. एरवी मी तिचीच बाजू घेतली असती. पण पळून ती शिरते कुठे, तर कुणाच्या तरी बॅगेच्या शिवणीत. आणि अशी एकच मादी नव्या घरात अख्खं खानदान उभं करते.

तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. रोज फोन हातात घ्यायचे. मग वाटायचं, हिचा गुडघा ताजा, त्यात हे कुठे. खोटं आहे. मला ती खिडकीतून पडणारी गादी दिसत होती.

तेव्हा आजच कर. तू वाकू नकोस, पोराला वाकव. मागच्या खोलीतल्या गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू. टॉर्च तिरपा धरायचा. काळे ठिपके, पारदर्शक काती, पांढरी अंडी यांतलं काही दिसलं तर सामान दुसऱ्या खोलीत नेऊ नका, आणि कुणी सोफ्यावर झोपायला जाऊ नका. काही दिसलं नाही तरी वाट्या ठेवा. दिसलं तर फवारणीचा सगळा खर्च माझा, यावर वाद नको.

पोराच्या नोकरीचं लांबीकडून कळलं, फार छान. गाणं परत सुरू केलंस का? तुझ्या सुनेला माझा निरोप सांग, पण ढेकणांचा सांगू नकोस.

मला शिव्या घालायच्या असतील तर रात्री दोननंतर फोन कर. जागीच असते, टॉर्च घेऊन.

तुझीच,
घारी

ता. क. हे पाकीट मी दोनदा झटकलंय. तरी बाल्कनीत जाऊन उघड. हे वर लिहायला हवं होतं.