हाताला काय लागलं?

मिरज,
रविवार, ३ ऑक्टोबर २०२१

प्रिय मृणाल,

तुझ्या एवढ्या मेसेजना मी नुसते अंगठे पाठवत राहिले. रागावली असशील तर रागव, पण हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. तू मध्येच "मग त्यात काय?" म्हणाली असतीस आणि आपलं जुनं भांडण पुन्हा जुंपलं असतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा आता शेवटपर्यंत वाच.

घरचे सगळे ठीक. आईची शुगर आटोक्यात आहे, लसीचे डोस झाले. मला एप्रिलमध्ये कोविड होऊन गेला, आता काही नाही. जुलैच्या पुरात पाणी मावशीच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेलं. उद्यापासून चिरंजीवांची शाळा सुरू होतेय. दीड वर्षात एवढा उंच झालाय की गणवेशाची पँट नडगीवर येते.

आता मुद्द्याचं. आमच्या फिजिओथेरपी विभागात इंटर्नची नवी बॅच आलीय. त्यातल्या एका मुलीला मी एक फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, तपासायला दिला. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे मामा, उजवा खांदा. मुलगी हुशार आहे. आखडलेला सांधा कुठे किती अडतो तो कॅप्सुलर पॅटर्न तोंडपाठ, कोन मोजायचा गोनिओमीटर नीट लावला, सत्तर अंश म्हणून लिहिलंही. मग मी कॉलेजातल्या आपल्या बाईंचा प्रश्न विचारला, "हाताला काय लागलं?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सत्तर, मॅम." बघते तर तिने मामांचा दंड बोटांच्या टोकांनी धरलेला, तळवा टेकलेलाच नाही. पोरीला जड होऊ नये म्हणून मामा स्वतःच आपला हात उचलून धरून उभे! अशाने खांदा सैल कसा पडणार, आणि शेवटाला तो कसा अडतो ते तिला कळणार कसं?

तिला बाजूला घेतलं तर रडायलाच लागली. तिसरं वर्ष संपता संपता कॉलेज बंद झालं, फायनलचं जवळपास सगळं मोबाइलवर. पोस्टिंग म्हणून पेशंटचे व्हिडिओ बघितले. घरी धाकट्या भावावर प्रॅक्टिस करायची, तर तो दर वेळी वीस रुपये मागायचा. (हे सांगताना रडता रडता हसली, तेव्हा मला ती आवडली.) तिचा यात कणभरही दोष नाही. आपण एकमेकींच्या अंगावर शिकलो गं. तुझ्या पाठीचे मणके मी आजही डोळे मिटून मोजेन. इलेक्ट्रोथेरपीच्या प्रॅक्टिकलला तू माझ्या दंडावर करंट चढवलास आणि मी किंचाळले, तेव्हा मशीन बिघडलं होतं असं तू अजून सांगत फिरतेस. मशीन बिघडलं नव्हतं, मृणाल.

हे तुला इतकं सविस्तर सांगतेय, कारण त्याच संध्याकाळी मॅनेजमेंटने बोलावलं. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओवर घेतलेले पेशंट "व्यवस्थित चालले", म्हणून आता ओपीडीतल्या चार जागांपैकी दोन कमी करायच्या आणि बाकीचं कायमचं टेली-रिहॅब. त्याची प्रमुख म्हणून मला बसवायचं, पगार वाढवून. २०२० च्या एप्रिलपासून आमचा पगार निम्मा केला होता तो याच लोकांनी. आता माझं घर सावरेल असा आकडा समोर ठेवलाय आणि दिवाळीच्या आत उत्तर मागितलंय.

तू लगेच म्हणशील, घे. तू पहिल्यापासून हात लावण्याच्या विरोधात. "पेशंटला हाताची सवय लावू नका, व्यायाम शिकवा, स्वतःच्या पायावर उभं करा." फायनलला मेसच्या ओट्यावर यावरून आपण मध्यरात्रीपर्यंत भांडलो होतो आणि शेवंता "झोपा गं भवान्यांनो" म्हणून ओरडली होती. महामारीने त्या भांडणाचा कस लावला, आणि निकाल तुझ्या-माझ्या दोघींच्याही बाजूने पूर्ण लागलेला नाही. म्हणूनच तुला लिहितेय.

तुझ्या बाजूचं आधी. कंबरदुखीवाले, गुडघेवाले फोनवर खरंच छान झाले. जतची एक बाई, पूर्वी एका सिटिंगसाठी तिचा अख्खा दिवस मोडायचा आणि एसटीत बसून कंबर आणखी धरायची. तिने अंगणातल्या जात्यावर फोन टेकवून सगळे व्यायाम केले. आज शेतात जातेय. हे मी नाकारत नाही.

पण गुरुजींचं, माझ्या एका पेशंटचं, काय झालं ते ऐक. मार्च २०२० च्या सुरुवातीला पॅरॅलिसिसचा अटॅक, डावी बाजू गेलेली. मी घरी जात होते. अंगठा आणि दोन बोटं नुकती हलायला लागली होती. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळं बंद, आणि त्यांच्या सोसायटीने गेटला साखळी लावून बाहेरच्यांना मज्जाव केला. डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्चलाच निघाले, पण फिजिओने व्हिडिओवर काय करावं हे सांगणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. सूनबाई बिचारी फोन धरायची. मला कधी पंखा दिसायचा, कधी गुरुजींचं कपाळ. डावी बाजू बरोबर चौकटीबाहेर. मी इकडून "खांद्याखाली हात घाला, खांद्याखाली" म्हणून घसा फोडायची, आणि त्यांना उठवताना ती मनगट धरून ओढायची, कारण एकटीला तेवढंच जमायचं. अटॅकनंतरचे पहिले तीन महिने किती मोलाचे असतात ते तुला सांगायला नको. मी पुन्हा प्रत्यक्ष गेले तेव्हा खांदा खाली सरकलेला होता आणि मूठ घट्ट मिटलेली. बोटं उघडायला गेले तर तळव्याच्या घडीत नखांचे व्रण. गुरुजी म्हणाले, "बाई, मी रोज करत होतो हो." करत होतेच ते. एवढा प्रामाणिक पेशंट मी पाहिला नाही. मॅनेजमेंटच्या हिशोबात गुरुजी "व्यवस्थित चाललेल्या" व्हिडिओ पेशंटमध्ये मोजलेत.

आणि आयसीयू. या एप्रिल-मेमध्ये आमचा जिल्हा काय होता ते तू बातम्यांत बघितलंस. २०२० मध्ये ज्या फिजिओंना घरी बसा म्हटलं, त्यांनाच पीपीई चढवून आत बोलावलं. प्रोनिंग करायचं, म्हणजे व्हेंटिलेटरवरचा माणूस पाच-सहा जणांनी मिळून पालथा करायचा, एकाचं लक्ष फक्त नळीवर. सोळा-सोळा तास तसं ठेवायचं. दर थोड्या वेळाने मान फिरवायची, काखेतली नस ताणली जाऊ नये म्हणून हाताची ठेवण बदलायची, गालाला फोड येतोय का बघायचं. ज्यांना शुद्ध होती त्यांना स्वतःहून पालथं झोपायला शिकवायचं. गॉगलवर वाफ, आवाज मास्कमध्ये अडकलेला, छातीवर मार्करने लिहिलेलं नाव. दोन-दोन ग्लोव्हजमधून टोन, म्हणजे स्नायूतला ताण, काय कळणार! तरी सांगते, कळायला लागला. तिथे मला बाईंची फार आठवण आली. एक ट्रकचालक होता, महिनाभर आडवा. पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवला तेव्हा मान धरेना, डावं पाऊल लोंबत होतं. उभं करताना ऑक्सिजन सॅच्युरेशन पंच्याऐंशीवर आलं, पण तो हसतच होता, त्याला दम लागल्याचं कळतच नव्हतं. माझा हात त्याच्या पाठीवर होता म्हणून श्वास कसा चाललाय ते मला आधी कळलं, मॉनिटर नंतर बोंबलला. बसवला परत. आज तो चालतो, पावलाला स्प्लिंट आहे. डिस्चार्जनंतर त्याला फिजिओकडे जा असं कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं. मीच नंबर दिला म्हणून आला. असे किती घरी गेले असतील जे दहा पायऱ्या चढू शकत नाहीत आणि समजतात की अशक्तपणा आहे, सूप पिऊन जाईल. यंदाचा ८ सप्टेंबरचा जागतिक फिजिओथेरपी दिन लाँग कोविडवर, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासावर होता. आमच्याकडे केक कापला, फोटो काढले.

माझं म्हणणं एवढंच, की फोन वाईट नाही. जागा कमी करून फोन आणणं वाईट आहे. ओपीडीत दोनच माणसं उरली तर या मुलांना पेशंटवर हात ठेवून कोण शिकवणार? ही बॅच कॉलेज बंद म्हणून अशी निघाली. पुढची बॅच कॉलेज उघडं असूनही अशीच निघेल. आणि पद मी नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल, ज्याला गुरुजी माहीत नाहीत. याच विचाराने माझी झोप उडालीय. पैशाचंही आहेच. घरच्या व्हिजिट्स अजून पूर्वीच्या निम्म्याही नाहीत, वयस्कर लोक घाबरतात. सुहासचं तर क्लिनिक गेलंच. भाडं थकलं, करंटचं आयएफटी आणि अल्ट्रासाउंड अशी मशीनं मिळेल त्या भावात विकली. आता तासगावला द्राक्षबाग बघतो. त्याचे हात आपल्या बॅचमध्ये सगळ्यात चांगले होते, हे तू तरी कबूल करशील. आणि याच मार्चमध्ये संसदेने आपल्या व्यवसायाचा कायदा केला. सुहासला कळवलं तर म्हणाला, छान झालं, छाटणी चालू आहे, नंतर बोलतो.

तुझं काय? तिकडे इंग्लंडात त्या नाइटिंगेल नावाच्या तात्पुरत्या कोविड हॉस्पिटलसाठी ट्रेनिंग घेऊन बसलीस आणि तिथे पेशंटच आला नाही, ते बरंच झालं म्हणायचं. पेट्रोलच्या रांगा संपल्या का? आदित्यचं नवीन काम लागलं का? आई विचारत होती, तुझ्याकडे भडंग पोचतं की कस्टमवाले खातात.

आता काम. मी पद घ्यायचं म्हणतेय, पण माझ्या अटींवर: नवा अटॅक पहिले तीन महिने फोनवर घ्यायचा नाही, आयसीयूतून आलेल्याची पहिली तपासणी प्रत्यक्ष, आणि दोन्ही जागा तशाच ठेवायच्या, इंटर्नसाठी. मॅनेजमेंट माझ्या शब्दावर ऐकणार नाही, बाहेरचं काही दाखवलं तर ऐकेल. तुमच्या डिपार्टमेंटला व्हिडिओवर कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही याचे जे लेखी नियम आहेत, ते मला पाठव. पेशंटची नावं नकोत, नुसते नियम. आणि तू या बाबतीत माझ्या विरुद्ध असशील तर तेही सविस्तर लिही, म्हणजे तिकडून जे प्रश्न येणार ते मला आधीच कळतील. २० तारखेपर्यंत पाठवलंस तर मला मांडणी करायला वेळ मिळेल.

तुझी,
वैशाली