छेदातून गाळलेली लेक : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातील एका तांड्यावरून, बी. ए. होऊनही ऊसतोडीचा कोयता हाती असलेला मी एक बाप आपणांस लिहीत आहे. गेल्या आठवड्यात फडावरून परतलो, तेव्हा गावातील बालकांचे लसीकरण 100 टक्के झाले आणि मूल्यमापन पथकाने समाधान व्यक्त केले, असे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचले. आनंद आहे. माझी लेक मात्र डिसेंबरात, अकरा महिन्यांची असताना, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, गोवराने फणफणली, पुढे न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यासाठी मुकादमाकडून घेतलेली चाळीस हजारांची उचल आता पुढचा हंगाम खाणार आहे. ती वाचली, रात्री तिच्या छातीतली घरघर अजून ऐकू येते.

नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यावा, हे आपलेच वेळापत्रक. तिचे नऊ महिने ऑक्टोबरच्या आरंभी भरले. टोळ्या निघण्याआधी तांड्यावर खास सत्र घेऊ, असा शब्द एका अधिकाऱ्याने ग्रामसभेत दिला होता. सत्राला चारच लेकरे जमली म्हणून कुपी फोडली नाही. कालवलेली लस चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते, असे आम्हाला समजावण्यात आले. तेही खरेच. म्हणजे वाया जाणाऱ्या थेंबांचा हिशेब कोणीतरी केला, माझ्या लेकीच्या फुप्फुसाचा नाही.

मग हे 100 टक्के आले कुठून? नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून नाव गाळले. पथक आले जानेवारीत, जेव्हा तांड्यावर म्हातारी माणसे तेवढी उरतात. छेद, म्हणजे मोजायच्या लेकरांची एकूण संख्या, लहान केला की टक्केवारी वाढते, एवढे गणित मलाही येते. परतल्यावर मी स्वतः घरोघर कार्डे पाहिली : 31 पैकी 17 लेकरांचा गोवराचा रकाना कोरा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पूर्ण लसीकरण 2015-16 च्या सुमारे 56 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 73.5 वर गेले, हे मीही वाचले आहे. उरलेला चौथा हिस्सा कोणत्या कोप्यांत राहतो, हे कोणी विचारत नाही. सुटलेल्या मुलांसाठीच 2014 मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू झाले ना? कारखान्याला साखरेचा उतारा दशांशापर्यंत ठाऊक असतो, कोणत्या टोळीत किती कोयते याची यादी मुकादमाच्या खिशात असते, आणि एवढ्या मोठ्या शासनाला फडावर लेकरे किती, हे सांगता येत नाही! मते मोजताना मात्र आम्ही कोणत्याच यादीतून गळत नाही.

मागणे थोडे आहे. पुढचे मूल्यमापन आम्ही गावी असताना, मे-जूनमध्ये करा. हंगामात पथक पाठवायचेच असेल, तर फडावर पाठवा आणि नोंदवही नव्हे, कार्ड पाहा. चार लेकरांसाठीही कुपी फोडा. आणि तोपर्यंत तो फळा तेवढा पुसून घ्या. माझ्या बायकोला वाचता येते.

आपला,
एक ऊसतोड कामगार