तुझी फाइल मीच पुसली होती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

दीड वर्षात तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, राग धरू नकोस. तब्येत बरी आहे, शुगरची गोळी चालू आहे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता ऐक, आणि पत्र अर्धवट टाकून फोन करू नकोस. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

१९८७ साली 'एलिट'ची, त्या अंतराळात जहाज घेऊन व्यापार आणि मारामारी करायच्या खेळाची, तुझी फाइल मीच पुसली होती. पिंट्यानं नाही.

सर डबा खायला गेले होते. बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर तुझ्या मामांनी मुंबईहून आणलेली ती फ्लॉपी होती. तिच्यावर तुझा कमांडर, म्हणजे सेव्ह केलेला तुझा खेळ. सात इंग्रजी अक्षरांत 'बंडोपंत' बसेना म्हणून तू 'बंड्या' ठेवलेला. मी स्टार डिलीट टाइप केलं, पुढं तुझं नाव, एंटर. ड्राइव्ह घरघरला आणि गप्प झाला. तू 'डेंजरस' या पदाला पोचला होतास. त्या पदाला किमान ५१२ जहाजं पाडावी लागतात हे मला आत्ता कळलं, म्हणजे तुझ्या किती दुपारी मी एका एंटरनं घालवल्या बघ. संध्याकाळी तू पिंट्याच्या कानाखाली काढलीस आणि मी सायकलचं हँडल धरून उभा राहिलो. पिंट्या रडला नाही. नुसता गाल चोळत घरी गेला.

कारण तुला माहीत आहे. बंदुका.

तू खेळातल्या लीस्टी ग्रहावर २० टन फायरआर्म्स, म्हणजे बंदुका, भरायचास आणि रीडक्वाट ग्रह गाठायचास. तिथं अराजक आहे, रोज मारामारी, तिथं बंदुकीला सोन्याचा भाव येतो, हे तुझं पालुपद. आणि मी म्हणायचो, लेका, मग तिथं आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या चाच्यांच्या हातात तुझाच माल आहे. माझं जहाज रीडक्वाटला तीनदा फुटलं. तुझी फाइल वेगळी, माझी वेगळी, हे कळत होतं. तरी तिसऱ्यांदा फुटलं तेव्हा मला खरोखर वाटलं की तू विकलेल्या बंदुकांनी मी मेलो. (त्यावरून तू मला रंकाळ्यावर 'गांधीबाबा' म्हणालास आणि आपली भेळ मातीत गेली. भेळेचे पैसे मी दिले होते, ते अजून यायचेत.)

गेल्या महिन्यात रेवानं तोच 'एलिट' कॉम्प्युटरवर लावून दिला. जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम असतो, त्यात. मी लेव्हहून, खेळ सुरू होतो त्या ग्रहावरून, निघालो, ती शेजारी चहा घेऊन बसली आणि बाजाराचा तक्ता बघून म्हणाली, "बाबा, या बंदुका घेतं कोण?" मला उत्तर येईना. मग आम्ही दोघांनी त्या खेळाचा मूळ कोडच काढला. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला वाचता येतो. दोन रात्री बसलो. जे निघालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

भाव ठरताना ग्रहावर सरकार कुठलं आहे हे खेळ विचारतच नाही, बंड्या! फक्त अर्थव्यवस्था बघतो. श्रीमंत औद्योगिक ग्रहावर बंदुका टनाला सुमारे ५० क्रेडिट (खेळातलं चलन), गरीब शेतकी ग्रहावर ८६ ते ८८. मधे कुठंही अराजक, हुकूमशाही, लोकशाही येत नाही. मात्र चाचे किती येणार हे सरकारावर ठरतं. म्हणजे भाव एका वहीत, चाचे दुसऱ्या वहीत, आणि दोन वह्या कधी एकमेकींना भेटत नाहीत. तू रीडक्वाटला हजार टन ओतले असतेस तरी तिथला एकही चाचा जास्त जोरानं लढला नसता.

तुझ्या बाजूनं एक गोष्ट आहे, तीही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. अराजकाचा आणि सरंजामी ग्रह खेळात कधी श्रीमंत असूच शकत नाही, तसं ठोकूनच बसवलंय. म्हणून तिथं बंदुकांचा भाव थोडा चढा निघू शकतो. पण चढतो तो गरिबीमुळं, मारामारीमुळं नाही. तुझा हिशोब बरोबर होता, कारण चुकीचं होतं. हे वाचून मी उठून गॅलरीत गेलो होतो.

पुढं ऐक. फोडलेल्या जहाजातून जे डबे तरंगतात, त्यांत यादीतल्या पहिल्या आठ मालांतलंच काहीतरी निघतं, अन्नापासून कॉम्प्युटरपर्यंत. फायरआर्म्स यादीत अकराव्या. चाच्याच्या डब्यात बंदूक कधीच सापडत नाही! आणि आपल्याही कामाला ती येत नाही. आठवतंय, तुझी चारही क्षेपणास्त्रं संपली, मागं दोन जहाजं लागलेली, पोटात २० टन बंदुका, आणि तू "अरे यातली एक तरी काढा रे" म्हणून किंचाळलास? क्षेपणास्त्र वेगळ्या पानावर, ३० क्रेडिटला. पोटातला माल नुसता आकडा.

पोलिसांचंही तसंच. त्याच स्टेशनवर बंदुका उघड विकत घे, कोणी काही म्हणत नाही. दारातून बाहेर पड, की त्याच स्टेशनच्या लेखी तू गुन्हेगार. टनामागं बंदुकीचा दोष एकपट, गुलाम आणि अमली पदार्थांचा दुप्पट. वाढवलेल्या जहाजात ३५ टन बंदुका भरल्या तरी 'ऑफेन्डर', म्हणजे साधा गुन्हेगारच राहतोस, तेवढेच गुलाम भरले तर 'फ्युजिटिव्ह', म्हणजे फरारी. म्हणजे करणाऱ्यांनी विचार केला होता. कोणतं पाप किती जड हे तोलून ठेवलं होतं. फक्त ते पाप पुढं कुणाला लागतं, हे ठेवलं नाही.

रेवा म्हणते, बाबा, ३२ केबी मेमरी, त्यात केंब्रिजच्या दोन पोरांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले, अजून काय पाहिजे तुम्हाला? पटतं मला. १९८४ साली त्या दोघांनी जे केलं त्याला हात जोडावेत. पण फायरआर्म्सच्या जागी पितळी भांडी लिहिली असती तरी त्या ग्रहांवर तसूभर फरक पडला नसता, याचा मला त्रास होतो. निदान एक बिट ठेवायचा. जिथं बंदुका जास्त उतरल्या, तिथं पुढच्या खेपेला एक चाचा वाढला असता तरी मी समाधानानं मेलो असतो.

आणि माझा खरा त्रास हा, की जे त्या खेळात नव्हतंच त्याची शिक्षा मी तुला दिली, आणि मार पिंट्यानं खाल्ला. पिंट्याला अजून सांगितलेलं नाही. परवा महाद्वार रोडला भेटला, नातवासाठी बूट घेत होता. तोंड उघडलं आणि "मिसळ खायची काय" एवढंच विचारलं. तो म्हणाला, चल. कटावर तर्री वाढून घेतली त्यानं, हसत होता. माझ्या घशाखाली पाव उतरेना.

तुझं काय? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मय अजून पुण्यातच ना? नाशिकचा फ्लॅट विकणार होतास त्याचं कळव.

लेव्हला मी एक नवा कमांडर उघडलाय, 'बंड्या' नावानं. १०० क्रेडिट, रिकामं पोट, तीन क्षेपणास्त्रं. सेव्ह करून ठेवलाय, एकही उडी मारलेली नाही. दिवाळीत ये. पिंट्यालाही बोलावतो, त्याच्यासमोर तू आणि मी दोघं बसू. माल कुठला भरायचा ते तू ठरव, मी मधे बोलणार नाही.

तुझा,
राजू