गोठवून पाठवलेल्या रेझिनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : निकेल-एनटीए रेझिन बदलून मिळणेबाबत

महोदय,

तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांसाठी आम्ही सांगलीत छोटी रोगनिदान प्रयोगशाळा चालवतो. पिठ्या ढेकणामार्फत पसरणाऱ्या लीफरोल-3 विषाणूचे कवच-प्रथिन ई. कोलाय जिवाणूत तयार करून त्याच्या अँटिबॉडी बनवण्याचे काम सुरू आहे. त्यासाठी आपल्याकडून हे रेझिन (कॉलम म्हणजे नळीत भरून प्रथिन वेगळे काढायचे, निकेल लावलेले बारीक मणी) आणि बीएल21 कॉम्पिटंट सेल (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणारे ई. कोलाय) एकाच ऑर्डरमध्ये मागवले.

दोन्ही एकाच थर्माकोलच्या डब्यात, ड्राय आइसमध्ये आले. सेलना ते हवेच. पण रेझिनच्या बाटलीवर आपणच '2 ते 8 अंश सेल्सिअस, गोठवू नये' असे छापले आहे आणि आतला माल गोठून घट्ट झाला होता. लगेच फोटो पाठवले, तर आपल्या प्रतिनिधीने फोनवर "वितळल्यावर वापरा, काही होत नाही" असे सांगितले.

व्हायचे ते झालेच. कॉलममधून थेंब पडेना. जे थोडे उतरले त्यात निळसर गाळ. मायक्रोस्कोपखाली पाहिले तर गोल मण्यांच्या जागी नुसते तुकडे.

आता आपले उत्तर आले आहे की बफरमध्ये (कॉलममधून सोडायच्या द्रावणात) रेझिन बिघडवणारे ईडीटीए किंवा डीटीटी असेल, नाहीतर युरियाचे खडे अडकले असतील. आमच्या बफरमध्ये ईडीटीएही नाही आणि डीटीटीही नाही. ईडीटीएने निकेल निघून गेले असते तर रेझिन पांढरे पडले असते, डीटीटीने तपकिरी झाले असते. आमचे अजून निळेच आहे. राहिला युरिया. हे प्रथिन इन्क्लूजन बॉडीत (जिवाणूच्या आतल्या न विरघळणाऱ्या गोळ्यांत) अडकते, म्हणून 8 मोलर युरियात विरघळवावे लागते, आणि तो थंडीत खडे धरतो हे माहीत असल्यामुळेच आम्ही कॉलम फ्रिजबाहेर चालवतो. सांगलीच्या एप्रिलात युरियाला थंडी कुठून वाजणार?

शिवाय त्याच लायसेटचा (फोडलेल्या जिवाणूंच्या द्रावणाचा) उरलेला भाग आपल्याच जुन्या लॉटच्या रेझिनवर चढवला. रेझिनवरून प्रथिन सोडवणाऱ्या इमिडॅझोलने आधी 20 मिलीमोलरला धुऊन मग 250 मिलीमोलरला प्रथिन काढल्यावर जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) 35 किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे या प्रथिनाच्याच जागी, ठसठशीत पट्टा आला. म्हणजे दोष आमच्या प्रथिनात नाही.

तरी नवीन रेझिन वेगळ्या डब्यात, जेल पॅकमध्ये, आपल्या खर्चाने पाठवावे आणि बिलात लावलेला 'कोल्ड चेन'चा आकार परत करावा. खराब बाटली जपून ठेवली आहे; आपला माणूस कधीही येऊन पाहू शकतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

कळावे,
प्रयोगशाळा प्रमुख, सांगली

सोबत : बिलाची प्रत, डब्याचे व जेलचे फोटो