सक्ती करा, पण तेलाची पिशवी घेणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातच कचरा वेगळा करायची सक्ती करणाऱ्या, १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांवरची पत्रे आपल्या अंकात वाचते आहे. निम्मे वाचक म्हणतात, दंड लावल्याशिवाय लोक सुधारणार नाहीत. उरलेले म्हणतात, आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा, मग आमच्या बादल्यांत डोकवा. मला दोन्हीकडचे थोडे थोडे पटते, कारण नाशिकच्या सिडकोत आमचे खाली पोळी-भाजी केंद्र आणि वर घर आहे. कायदा घराला लागला तरी तो मला लागतो आणि धंद्याला लागला तरी मलाच.

रोज साठ-सत्तर डबे अंबडच्या कारखान्यांत जातात. पहाटे साडेचारला कणीक भिजते, तेव्हापासून कचराही सुरू होतो. बटाट्याची साले, कोबीची वरची पाने, मेथीच्या काड्या, हिवाळ्यात मटाराच्या टरफलांचे अख्खे पोते. हे सगळे मागच्या गल्लीतल्या गवळ्याच्या म्हशी खातात. सात वाजता तो सायकलच्या कॅरिअरला पोते बांधून नेतो आणि म्हैस व्यायली की न मागता तांब्याभर चीक आणून देतो. तेलाचा पत्र्याचा डबा, पुठ्ठे, रद्दी, दुधाच्या पिशव्या भंगारवाला नेतो. गव्हाच्या रिकाम्या गोण्यांना तर शेजारणींचा नंबर लागलेला असतो. यातले काहीही आम्ही कायद्याच्या धाकाने केले नाही. ज्याला घेणारा आहे, ती वस्तू आमच्या घरात कचरा होतच नाही.

उरते ते चकचकीत. मसाल्याची पाकिटे, फरसाणच्या पुड्यांची वेष्टणे, लोणच्याच्या बोटभर पुड्या. तेलाच्या पिशव्याही यातच, कारण डबा संपला आणि हातात पैसे कमी असले की लिटरची पिशवीच आणावी लागते. मी एकदा हे सगळे धुऊन, वाळवून भंगारवाल्यापुढे ठेवले. त्याने मसाल्याचे पाकीट दोन बोटांत चुरगाळून पाहिले, मग कडेने फाडून आतली चंदेरी बाजू मला दाखवली. "मावशी, हे एकावर एक चिकटवलेलं असतं. सुटं होत नाही. याला भाव नाही." तेलाच्या पिशवीचा त्याने नुसता वास घेतला आणि बाजूला ठेवली. कितीही धुतली तरी तेलकटपणा जात नाही, आणि तेलकट माल पुढचा व्यापारी परत पाठवतो, असे तो म्हणाला. कचऱ्याची एवढी माहिती मला आजवर कुठल्या फलकावर वाचायला मिळाली नाही.

नव्या नियमांत आता चार भाग करायचे आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. चौथ्यात जुने बल्ब, रंगाचे डबे, उरलेली औषधे वगैरे. माझी हरकत नाही. २०१६च्या नियमांतही वर्गीकरण सक्तीचेच होते आणि आमच्याकडे दोन बादल्या तेव्हापासून आहेत. सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा भाग केला, ते तर फार आधी व्हायला हवे होते. डायपरमध्ये हात घालणारा माणूसच असतो.

पण बादलीच्या पुढे काय होते, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या घंटागाडीच्या मुलाने माझ्या दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उलट्या केल्या. मी ओरडले. तो म्हणाला, "मावशी, सुक्याचा कप्पा मागच्याच गल्लीत भरला. अजून एवढी घरं बाकी आहेत, हा कुठं टाकू?" त्याच्या हातात मोजे नव्हते. त्याच्यावर चिडण्यात काही अर्थ नव्हता, तरी चिडले खरी. त्या दिवशी मला दंड झाला असता तर? वेगळा करून दिलेला कचरा एकत्र करणाऱ्या ठेकेदाराला किती दंड, हे नागरिकांच्या दंडाशेजारीच ठळक छापायला हवे. विल्होळीला हॉटेलांचे शिळे अन्न आणि शौचालयांतला मैला यांपासून वीज करणारा प्रकल्प जर्मनीच्या मदतीने उभा राहिला. अशा ठिकाणी ओल्यात मिसळलेले प्लास्टिक म्हणजे भाकरीतला खडा. आम्ही घरात वेचून काढलेला खडा गाडीत परत पिठात पडत असेल, तर पहाटेच्या घाईत दोन बादल्या सांभाळायच्या तरी कशाला, असे आमच्या घरातलेच माणूस विचारते. माझ्याकडे उत्तर नसते.

सक्तीचा अनुभव आम्हाला नवा नाही. २०१८मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्यांदा दहा आणि तिसऱ्यांदा पंचवीस हजार असा दंड होता. त्या धास्तीने आम्ही भाजीचे प्लास्टिकचे डबे बंद करून स्टीलचे घेतले. पहिल्याच महिन्यात नऊ डबे परत आले नाहीत. मग डब्यामागे अनामत घ्यायला लागलो आणि डबे यायला लागले. कामगार तेच, कारखाने तेच.

त्याच बंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटलीवर आणि दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची अटही होती. बाटलीला एक-दोन रुपये, पिशवीला पन्नास पैसे. दंड लोकांच्या लक्षात राहिला, पण बाटली परत देऊन रुपया मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. माझा भाचा जर्मनीत आहे. तिकडे २००३पासून बाटल्यांवर अनामत आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. तो इथे असताना गाडीच्या खिडकीतून बाटली भिरकावणाऱ्यांपैकी होता, हे त्याच्या आईसमोर बोलायची सोय नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की सक्ती माझ्यावर करा, पण ज्याने तेल त्या पिशवीत भरून विकले त्याच्यावरही तेवढीच करा. उत्पादकाने वेष्टनाची जबाबदारी घ्यायची, हा नियम कागदावर आहेच. तो आमच्या किराणा दुकानापर्यंत आला पाहिजे. पिशवीमागे दोन रुपये अनामत घ्या, दुकानदाराने रिकामी पिशवी परत घ्यावी. तसे झाले तर रस्त्यात एक पिशवी दिसणार नाही, माझ्या आधी पोरे उचलतील.

आणि भंगारवाल्याला या व्यवस्थेत जागा द्या. २०१७मध्ये अंबड लिंक रोडचा भंगार बाजार हटवला तेव्हा वाहतुकीचा आणि अतिक्रमणाचा त्रास खराच होता, त्याबद्दल वाद नाही. पण शहराचा सुका माल निवडणारे हात तिथेच होते. त्यांना हातगाडी लावायला अधिकृत जागा, ओळखपत्र आणि मोजे दिले, तर घंटागाडीचा सुक्याचा कप्पा असा मागच्याच गल्लीत भरणार नाही. पुण्यात कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. तिथे जमते ते इथे का जमू नये?

तपासणी करायचीच असेल तर औरंगाबाद रोडच्या लॉन्सपासून करावी. दिवसाला शंभर किलोवर कचरा करणाऱ्यांना नियमात वेगळी जबाबदारी आहे, आणि लग्नसराईत एका रिसेप्शनच्या बुफेत तेवढे उष्टे सहज पडते. ३१ ऑक्टोबर २०२६ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे. पर्वणीला येणारे लाखो लोक पाण्याच्या बाटल्या घेऊनच रामकुंडावर येणार. बाटलीवर अनामत लावून पाहायला याहून चांगली वेळ नाशिकला मिळणार नाही.

माझ्याकडे मागच्या दाराला एक गोणी टांगलेली आहे. त्यात संक्रांतीपासूनच्या तेलाच्या पिशव्या धुऊन, घडी घालून ठेवल्या आहेत. गोणी आता भरत आली. आपल्या वाचकांपैकी कुणी त्या घेत असेल किंवा कुठे घेतात हे कुणाला माहीत असेल, तर कृपया या सदरातूनच कळवावे. पोचवायचे रिक्षाभाडे मी देईन.

आपली,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक वाचक, सिडको, नाशिक